तीन मिनिटं झाली

सदर भागातल्या एका गल्लीत नत्थूभाऊंचं हॉटेल होतं आणि त्या हॉटेलाला फॅमिली रूम होती. फॅमिली रूम म्हणजे काही वेगळी खोली नव्हे. मागचा कोपरा प्लायवूडनं अडवलेला, पुढे हिरवा पडदा, आत एक टेबल आणि समोरासमोर दोन बाकं. प्लायवूड उभ्या माणसाच्या खांद्यापर्यंतच पोचायचं, त्यामुळे बाहेरचं सगळं आत ऐकू येई आणि आतलं सगळं बाहेर. पण पडदा होता. पडदा असला की तीन बाया घरच्या पुरुषमाणसाशिवाय बसून निवांत तर्री-पोहे खाऊ शकतात, इतपत तेव्हाच्या नागपूरला मान्य होतं. टीव्ही अजून शहरात यायचा होता आणि बाहेरगावी फोन लावायचा तर ट्रंक कॉल बुक करून ताटकळत बसावं लागे, त्या काळातली ही गोष्ट.

त्या तिघी म्हणजे प्रेमिला, चारुशीला आणि सिंधूताई. तिघी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंकच्या बोर्डावर बसत. प्रेमिला सगळ्यांत लहान, इंदोरा वस्तीतली. वडील गिरणीत होते आणि घरातली पहिली सरकारी नोकरी तिची. रविवारी विहारात जाताना वाटेत जो भेटेल त्याला, त्यानं विचारलेलं नसलं तरी, वडील सांगत की आमची पोरगी टेलिफोनमध्ये आहे. चारुशीला महाल भागातली. तिच्या घराण्यात भोसल्यांच्या काळापासून कारकुनी चालत आलेली, आणि घरी शिस्त अशी की जेवताना कोणी बोलायचं नाही, कोणाच्या ताटातलं कोणी उचलायचं नाही. इथं आली की ती आधी प्रेमिलाच्या बशीत चमचा घाली आणि मग स्वतःच्या. सिंधूताई दोघींपेक्षा बऱ्याच मोठ्या, नवरा रेल्वेत, तीन पोरं, आणि सबंध एक्सचेंजमध्ये त्यांच्याइतका थंड आवाज दुसरा नव्हता. गिऱ्हाईक कितीही तापलेलं असो, सिंधूताईंनी 'प्रतीक्षा करा' म्हटलं की ते मुकाट्यानं प्रतीक्षा करी.

तिघींची सुट्टी एकाच रविवारी येणं ही काही रोजची गोष्ट नव्हती. आली की मात्र दहाच्या सुमारास तिघी नत्थूभाऊंकडे जमत आणि बारापर्यंत उठत नसत. आठवडाभर बोर्डावर ठरलेलीच वाक्यं बोलायची. नंबर सांगा. लाइन व्यस्त आहे. तीन मिनिटं झाली. कोणी शिव्या दिल्या तरी तेच, कोणी रडलं तरी तेच. त्यामुळे गळ्याशी जे काही अडकलेलं असे ते सगळं रविवारी त्या हिरव्या पडद्याआड बाहेर पडायचं. चारुशीला एकदा हसायला लागली की तिला थांबता येत नसे. आवाज फुटू नये म्हणून ती पदर तोंडात कोंबायची आणि मग डोळ्यांतून पाणी वाहायचं. नत्थूभाऊ चहा घेऊन आले की पडद्याबाहेरूनच खाकरत, आणि त्या खाकरण्यालाही ती हसायची.

फेब्रुवारीतला रविवार होता. सकाळचा गारवा गेला होता आणि ऊन अजून सोसवत होतं. टेबलावर पोह्यांच्या तीन प्लेटा, वर लालभडक तर्री, तर्रीत बुडालेले चणे, बारीक चिरलेला कांदा, आणि मधोमध सिंधूताईंसाठी खास मागवलेली सांबारवडी. कोथिंबिरीचं सारण भरलेली ती वडी पाहिली की सिंधूताई घरच्या तिन्ही पोरांना विसरत, असं त्या स्वतःच सांगत.

प्रेमिला नकला करून दाखवत होती. हे तिचं खास काम. एक्सचेंजच्या गिऱ्हाइकांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, पण आवाज पक्के ओळखीचे होते आणि प्रत्येकाला नाव दिलेलं होतं. एक होते खोकलेकाका, एक होती मामी. आणि एक होता तोफ. तोफ रोज सकाळी सदरमधल्या कुठल्याशा ऑफिसातून कळमेश्वरच्या कारखान्यात कॉल लावी आणि असा ओरडे की हेडफोन कानापासून वीतभर लांब धरावा लागे. तिघींच्या मते तोफ सहा फुटी होता, मिशा होत्या, आणि बहुधा पूर्वी कुस्ती खेळत असावा.

प्रेमिलानं गालफडं फुगवली, मुठीचा फोन केला आणि घशातून तो आवाज काढला, "हॅलो कळमेश्वर. देवरावले बोलवा. लवकर."

आणि प्लायवूडच्या पलीकडून, जणू तिचाच आवाज भिंतीवर आपटून परत यावा तसा, तोच आवाज गरजला, "नत्थूभाऊ, दोन पोहे. तर्री जास्त."

चारुशीलाचा चमचा हवेतच राहिला. सिंधूताईंनी वडी अर्धी तोंडात आणि अर्धी बाहेर अशा अवस्थेत प्रेमिलाकडे पाहिलं. प्रेमिलाला वाटलं, आपल्याला भास झाला. पण पलीकडे बाक सरकल्याचा आवाज आला, कोणी तरी भैय्याजी म्हणून जो होता त्याला पंख्याखाली बसायला सांगितलं गेलं, आणि आता शंकाच उरली नाही. तोफ तिथंच होता. मध्ये फक्त एक प्लायवूडची फळी.

तिघींनी माना खाली घातल्या आणि कान टवकारले. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, हा एक्सचेंजचा पहिला नियम होता आणि त्या तो पाळत. पण हे एक्सचेंज नव्हतं, आणि तोफ बोलायला लागला की ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येणारच होतं.

तोफ भैय्याजीला टेलिफोनवाल्यांविषयी सांगत होता. त्यातही एका बाईविषयी. बुधवारी तिनं ऐन वेळी त्याचा कॉल तोडला होता. तो आता वर तक्रार करणार होता, आणि त्यानं तिचं नावही विचारून ठेवलं होतं.

"सिंधू," तोफ म्हणाला. "सिंधू नाव आहे तिचं. अशी बाई मी जन्मात नाही पाहिली."

सिंधूताईंना ठसका लागला. तर्री नाकात गेली. त्या एका हातानं नाक आणि एका हातानं तोंड दाबून डोळे वटारून बसल्या आणि खुणेनं विचारू लागल्या की मी, मी काय केलं, बुधवारी तर माझी ड्यूटीसुद्धा नव्हती. चारुशीला त्यांच्या पाठीवर थोपटत होती. प्रेमिला मात्र पोह्यातले चणे फार काळजीपूर्वक बाजूला करत होती, आणि त्यावरून सिंधूताईंनी काय ते ओळखलं.

"काहून वं?" त्या कुजबुजल्या.

प्रेमिलानं तशाच कुजबुजीत सांगून टाकलं. बुधवारी बोर्ड नुसता पेटलेला होता, गिऱ्हाइकं रांगेत होती. कॉलची ठरलेली तीन मिनिटं झाली, तसं तिनं सांगितलं. तोफ तिच्यावर खेकसला की मध्ये बोलू नका. सकाळपासून ती पाच-सहा जणांकडून हेच ऐकत होती. तिनं बोर्डातली दोरी उपसली आणि कॉल तोडला. मग त्यानं पुन्हा फोन करून नाव विचारलं, तेव्हा तिच्या तोंडात आलं ते सिंधूताईंचं. एवढ्या थंड आवाजाच्या बाईवर कोणी तक्रार केली तरी साहेबांचा विश्वास बसणार नाही, असा तिचा तेव्हाचा हिशेब.

सिंधूताई रागावतील असं तिला वाटलं होतं. सिंधूताईंनी रागावायचा प्रयत्नही केला, पण नाकातली तर्री अजून झोंबत होती, आणि पलीकडे तोफ सांगत होता की सिंधू नावाची ती बाई नक्कीच जाडी असणार आणि तिला नवऱ्यानं टाकलेलं असणार. त्यावर सिंधूताई हसायला लागल्या. आवाज न करता, नुसत्या गदगदा हलत. बाक हललं, टेबल हललं, तर्री प्लेटाबाहेर आली. चारुशीलानं पदर तोंडात कोंबला होता तो काढून दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

आणि मग प्रेमिलाच्या डोक्यात ते आलं. कसं आलं हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. तिनं पाण्याचा घोट घेतला, मान ताठ केली आणि प्लायवूडकडे तोंड करून आपल्या बोर्डावरच्या आवाजात, स्वच्छ, सरळ आणि जरासं नाकातून म्हटलं,

"आपला कळमेश्वरचा कॉल लागला आहे. बोला."

पलीकडे बाक धाडकन मागं पडलं. तोफ उठून उभा राहिला असावा, कारण त्याचा आवाज आता वरून आला. "हॅलो. हॅलो. देवराव. मी मधुकर बोलून राहिलो. हॅलो. ती काय म्हणाली?"

सगळं हॉटेल माना वळवून पाहू लागलं. मग कोणी तरी फिस्सकन हसलं, मग दुसरं, आणि पाहता पाहता सगळं हॉटेल हसत सुटलं. चारुशीला बाकावरून खाली घसरली. तिनं आधारासाठी जे हाताला आलं ते धरलं, आणि तो नेमका पडदा होता. पडद्याची तार सुटली, हिरवा पडदा तिच्या डोक्यावर येऊन पडला, आणि फॅमिली रूम उघडी झाली.

समोर तोफ उभा होता. सहा फूट नव्हताच. सिंधूताईंच्या खांद्यालाही लागला नसता असा चणीनं बारीक माणूस, चाळिशीच्या जवळपासचा, गळ्यात मफलर, केस पाणी लावून बसवलेले. उजव्या हातात पोह्याचा चमचा होता आणि तो त्यानं कानाला लावलेला होता. चमच्यातली तर्री मफलरवर ओघळत होती. त्याच्या समोरच्या बाकावर भैय्याजी नावाचा भला दांडगा माणूस बसला होता आणि मिशाही त्यालाच होत्या.

प्रेमिलाला वाटलं होतं तो आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं तिघींकडे पाहिलं, हातातल्या चमच्याकडे पाहिलं, आणि खाली बसायला गेला. बाक पडलेलं होतं हे त्याच्या लक्षात नव्हतं. भैय्याजीनं त्याला वेळीच धरलं.

"तुमच्यापैकी सिंधूबाई कोण?" त्यानं विचारलं. आवाज इतका लहान होता की तो त्याचाच हे पटेना.

"सिंधू मी," सिंधूताई म्हणाल्या. "पण तुमचा कॉल तोडला या पोरीनं. आणि मले नवऱ्यानं टाकलं नाही. तो आता घरी पोरांची डोकी धुऊन राहिला."

भैय्याजी हसला, पण मधुकरराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा असा पडला होता की हॉटेलातलं हसू एकेका टेबलावरून विझत गेलं. मग भैय्याजीनंच सगळं सांगितलं, आणि सांगताना आवाज दबका ठेवायचा त्यानं प्रयत्न केला, पण आता लपवण्यासारखं राहिलंच काय होतं.

मधुकररावांचे वडील लवकर गेले. धाकट्या भावंडांचं करता करता त्यांचं स्वतःचं लग्न राहून गेलं. कळमेश्वरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारे देवराव हे त्यांचे जुने स्नेही. देवरावांच्या शेजारी कुसुमताई म्हणून शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचंही तसंच झालं होतं. देवरावांनी मध्ये पडून दोघांची गाठ घालून दिली होती, दोनदा चहा झाला होता, आणि कुसुमताई म्हणाल्या होत्या की विचार करून देवरावांजवळ सांगते. बुधवारच्या कॉलमध्ये आधी कारखान्याच्या मालाचं बोलणं झालं. मालाचं संपलं आणि देवराव म्हणाले, बरं का, कुसुमताईंनी सांगितलं की. आणि तिथं फोन तुटला.

"की?" चारुशीलानं विचारलं. डोक्यावरचा पडदा अजून तिनं काढला नव्हता.

"तेच तर माहीत नाही ना," भैय्याजी म्हणाला. "त्या दिवशी पुन्हा लाइन मिळाली नाही आन् गुरुवारी देवराव रजेवर गेला. नरखेडकडे सासऱ्याचा संत्र्याचा बगीचा आहे, तिथं तोडा चालू आहे. तिकडे कुठं फोन. याले म्हटलं मोटरीत बस आन् कळमेश्वरले जाऊन ये. तर जात नाही. म्हणते, नाही म्हटलं असन तर तिच्या दारात कोणतं तोंड घेऊन उभा राहू."

सकाळपासूनचं सगळं हसू जणू कोणी प्रेमिलाच्या अंगावरून ओढून घेतलं. बोर्डावर बसलं की वाटतं, आपण नुसत्या दोऱ्या घालतो आणि काढतो. त्या दोरीच्या टोकाला एक माणूस त्या 'की'पाशी लटकत राहिला होता, आणि चार दिवस त्याच्या पुढचा शब्द त्याला कळला नव्हता.

तिनं मधुकररावांची माफी मागितली. ते म्हणाले, जाऊ द्या, तुमचा नियम होता. हे ऐकून तिला आणखीच कसंतरी झालं. मग ती एकदम उभी राहिली आणि सिंधूताईंना म्हणाली, "कळमेश्वरच्या एक्सचेंजवर आज केशव असन."

सिंधूताईंच्या लक्षात आलं. कळमेश्वरचं एक्सचेंज म्हणजे पोस्टातली एक खोली, एक बोर्ड आणि एक केशव. त्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण रोज बोलणं होतं आणि त्याच्या म्हशीला काय झालं होतं इथपासून सगळं त्यांना माहीत होतं. प्रेमिलानं मधुकररावांना विचारलं की कुसुमताई कुठं राहतात. ते म्हणाले, पोस्टाजवळ, कडुलिंबासमोर. म्हणजे केशवच्या खिडकीतून हाक मारली तरी ऐकू जाईल.

नत्थूभाऊंच्या गल्ल्याजवळ लाकडी पेटीत फोन होता आणि डायलला कुलूप होतं. गिऱ्हाइकांना फोन द्यायचा नाही असा त्यांचा जुना बाणा. पण कुलपाची किल्ली त्यांनी कोणी मागायच्या आतच कमरेच्या करदोट्यावरून सोडली होती. सिंधूताईंनी ट्रंकवर फोन लावला. ड्यूटीवरच्या मुलीनं आवाज ओळखला आणि विचारलं की ताई, सुट्टीच्या दिवशी काय झालं. सिंधूताई म्हणाल्या, कळमेश्वर लाव आणि केशवला सांग, समोरच्या कुसुमताईंना बोलावून आण, लग्नाचं काम आहे. कोणाचं लग्न, हे त्या मुलीनं विचारलं नाही. कॉल एवढ्या लवकर लागला की तिनं आणखी कोणाचे किती कॉल मागे टाकले असतील, हे कोणी पुढे काढलं नाही.

मधुकररावांनी फोन घेतला. "हॅलो," असं ते म्हणाले आणि रस्त्यावरचा एक सायकलवाला थांबला. पलीकडून काही आलं, पण लाइनवर कापूस पिंजल्यासारखी खरखर होती. ते आणखी मोठ्यानं ओरडले. आणखी खरखर आली. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी फोन छातीशी धरला आणि प्रेमिलाकडे पाहिलं.

तिनं त्यांच्या हातातून फोन घेतला. खरखरीतून आवाज वेचून काढायचं तर तिचं रोजचंच काम होतं. तिनं दुसरा कान बोटानं बंद केला, डोळे मिटले, आणि त्या गोंगाटाच्या पार तळाशी एक बाईचा आवाज होता. शांत, जरा करारी, फळ्यावर लिहिता लिहिता बोलावं तसा.

प्रेमिलानं सांगितलं की मी मधुकररावांच्या वतीनं बोलते आहे.

"ते स्वतः का बोलत नाहीत?" कुसुमताईंनी विचारलं.

"त्यांना ऐकू येत नाही."

मग कुसुमताई म्हणाल्या, "हे देवरावांनी सांगितलं नव्हतं."

प्रेमिलाला काय झालं ते कळलं आणि तिच्या पोटातून हसू असं उसळून आलं की तिला पेटीची कड धरावी लागली. ती घाईघाईनं सांगू लागली की कान चांगले आहेत, लाइन वाईट आहे, कान अगदी शाबूत आहेत. गल्ल्याभोवती जमलेल्या लोकांना अर्धंच बोलणं ऐकू येत होतं. मधुकररावांचे कान शाबूत आहेत हे ऐकून सगळ्यांनी त्यांच्या कानांकडे पाहिलं. मधुकररावांनी मफलर वर ओढून घेतला.

मग कुसुमताई बोलल्या. त्यांनी होकार बुधवारीच देवरावांजवळ सांगितला होता. त्यानंतर चार दिवस कोणी आलं नाही, कोणाचा निरोप नाही. त्यांना वाटलं, गृहस्थांचं मन बदललं. असतं बाई असं, त्या म्हणाल्या, मी काही रागावले नाही, पण आता मलाही नीट विचार करायला हवा.

प्रेमिलानं हे मागं वळून कोणाला सांगितलं नाही. तिनं तोंड फोनच्या अगदी जवळ नेलं.

"ताई, त्यांना कळलंच नाही हो. तो कॉल मी तोडला. तीन मिनिटं झाली होती आन् ते माझ्यावर ओरडले होते, म्हणून मले राग आला."

"ओरडतात का ते?" कुसुमताईंनी विचारलं.

प्रेमिलानं मधुकररावांकडे पाहिलं. ते दोन्ही हात जोडून उभे होते. कोणापुढे जोडले आहेत हे त्यांनाही माहीत नसावं. मफलरला तर्री लागलेली, एक चणा खिशावर चिकटलेला. तिच्या एका शब्दावर या माणसाचं सगळं पुढचं आयुष्य अवलंबून आहे असं तिला वाटलं, आणि खोटं बोलायची तिची आता हिंमत नव्हती. एकदा खोटं नाव सांगून पुरेसं झालं होतं.

"फोनवर ओरडतात," ती म्हणाली. "कारखान्यात मशीनचा आवाज असते ना, देवरावांले ऐकू जावं म्हणून. समोर नाही ओरडत. समोर तर आता तोंडातून शब्द नाही निघून राहिला त्यांच्या. चार दिवस झाले, जेवणावरही लक्ष नाही म्हणतात."

हे शेवटचं कोणी म्हटलेलं नव्हतं, आणि मधुकररावांनी आताच दीड प्लेट पोहे खाल्ले होते. पण भैय्याजीनं जोरात मान हलवून दुजोरा दिला.

पलीकडे कुसुमताई हसल्या. खरखरीतूनही ते हसू स्पष्ट आलं. त्या काही तरी बोलायला लागल्या, आणि नेमका तेव्हाच मध्ये तिसरा आवाज आला, ड्यूटीवरच्या मुलीचा, स्वच्छ, सरळ आणि जरासा नाकातून.

"तीन मिनिटं झाली."

प्रेमिलानं हे वाक्य हजारदा म्हटलं असेल. या बाजूनं ते तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तिच्या तोंडून फक्त 'नाही' एवढंच निघालं. सिंधूताईंनी मान पुढे घालून, तिच्या कानाला लागलेल्या फोनवरच आपला तो थंड आवाज टाकला, "थांब वं पोरी. अजून तीन दे." आणि त्या मुलीनं मुकाट्यानं दिली.

कुसुमताई काय म्हणाल्या ते ऐकून घेऊन प्रेमिलानं 'बरं' म्हटलं, पुन्हा 'बरं' म्हटलं, आणि फोन ठेवला. तिला ते नीट सांगायचं होतं, पण सवय अशी की तोंडातून बोर्डावरचाच आवाज बाहेर पडला.

"त्या हो म्हणतात. बुधवारीच हो म्हटलं होतं. त्यांचे भाऊ घरी आहेत, आज जेवायला बोलावलं आहे."

पुढे काय काय झालं ते तिला सलग आठवत नाही. भैय्याजीनं मधुकररावांना उचललं, एवढं नक्की. कोपऱ्यातला एक म्हातारा ज्याचा या कशाशी काही संबंध नव्हता तो उभा राहून टाळ्या वाजवत होता. नत्थूभाऊंनी कढईतली जिलबी सगळ्या टेबलांवर वाटायला सांगितली आणि मग सांगितलं त्याचा पश्चात्ताप झाल्यासारखं स्वतःच दोन तुकडे तोंडात टाकले. मधुकररावांना रडू आलं. त्यांनी डोळे मफलरनं पुसले, आणि मफलरला तर्री होती. मग ते एकदम आपल्या मूळ आवाजात ओरडले, सगळं हॉटेल पाणी घेऊन धावलं, आणि चारुशीला पुन्हा खाली बसली, या वेळी सरळ जमिनीवरच, पडद्यासकट.

बारा वाजताची कळमेश्वरची मोटर गाठायची होती. सिंधूताईंनी सूत्रं हातात घेतली. शर्टावरचे डाग लिंबू चोळून काढायचा प्रयत्न झाला आणि ते आणखी पसरले. शेवटी भैय्याजीनं आपला कोट उतरवून दिला. त्या कोटात मधुकररावांसारखे दोन मावले असते. बाह्या आत दुमडून सिंधूताईंनी त्यांना पर्समधली टाचणी लावली, आणि आपल्या पोराचा विंचरावा तसा त्यांचा भांग नीट केला. ते डोळे लाल, कोट ढगळ, अशा थाटात सायकलरिक्षात बसले. बसताना त्यांनी प्रेमिलाकडे वळून काही म्हटलं, पण ते इतक्या हळू की रिक्षाच्या घंटीत ऐकू आलं नाही, आणि तिनं ते पुन्हा विचारलं नाही. तिला कळलं होतं.

तिघी आत येऊन बसल्या. पोहे थंडगार झाले होते. नत्थूभाऊंनी नवे आणून दिले आणि या वेळी खाकरले नाहीत, पडदाच नव्हता. मग चारुशीलानं चमचा कानाला लावला आणि फक्त 'हॅलो' म्हटलं. त्यानंतर पाऊण तास तिघींना एक अख्खं वाक्य धड बोलता आलं नाही. सिंधूताईंच्या पोटात दुखायला लागलं. त्या म्हणाल्या की आता पुरे, मी मेले तर माझ्या पोरांचं काय, आणि त्यावरही हसल्या.

दुपारी प्रेमिला सायकलवरून घरी निघाली. ऊन चढलं होतं. रस्त्यानं ती एकटीच हसत होती, आणि एकदा तर इतकी की सायकल थांबवून पाय टेकावा लागला. पानठेल्यावरची माणसं पाहायला लागली. तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि गंभीर चेहरा करून पुन्हा निघाली.

घरी आई, तुळसाबाई, ताट वाढून वाट पाहत बसली होती. प्रेमिलाच्या पोटात जागा नव्हती, पण तसं सांगितलं तर आईला वाईट वाटलं असतं. ती जेवायला बसली आणि जेवता जेवता सगळं सांगितलं, चमचा, पडदा, कान, मफलर, सगळं. आई हसली नाही. ती भाकरीचा पापुद्रा हातात धरून शेवटपर्यंत नुसती ऐकत राहिली.

"म्हणजे जमलं का नाही?" तिनं विचारलं.

"जमलं ना माय. जेवायलेच गेले ते."

"मग तुमाले लग्नाले बोलावतीन," तुळसाबाई म्हणाली. ती उठली, कोपऱ्यातली पेटी ओढली, आणि झाकण उघडून आतल्या साड्या एकेक करून खाटेवर मांडायला लागली.